पहिली दहा मिनिटे : दुकान-कारखान्यात प्रथमोपचाराची तालीम



माल सांभाळण्याच्या बाबतीत आपला व्यापारी कधी कमी पडत नाही. गोदामाला दुहेरी कुलूप असते, आगीचा विमा असतो, ओल लागू नये म्हणून तागे फळीवर रचलेले असतात. त्याच दुकानात सकाळपासून रात्रीपर्यंत सहा-आठ माणसे राबतात आणि दिवसभरात शे-दोनशे गिऱ्हाइके येऊन जातात. त्यांपैकी एखादे माणूस अचानक कोसळले, शिडीवरून पडले, भाजले किंवा त्याला विजेचा धक्का बसला, तर पहिल्या दहा मिनिटांत काय करावयाचे याची तजवीज मात्र फार थोड्या दुकानांत आढळते. प्रस्तुत लेखात याच तजविजीचा विचार करावयाचा आहे.

आम्ही नगरच्या काही कापड व्यापाऱ्यांनी दुकानातील माणसांसह प्रथमोपचार आणि सीपीआर यांचे एक दिवसाचे प्रशिक्षण घेतले. तेथे जे शिकावयास मिळाले ते आपल्या धंद्याच्या भाषेत क्रमाने मांडीत आहोत. मात्र हा लेख वाचला म्हणजे प्रशिक्षण झाले असे कोणी समजू नये. शिवणकाम पुस्तकातून येत नाही, त्यासाठी उस्तादासमोर बसून हात चालवावा लागतो. हे कामही त्याच जातीचे आहे.

दहाच मिनिटे का?

हृदय बंद पडले की मेंदूचा रक्तपुरवठा थांबतो. चार ते सहा मिनिटांत मेंदूची हानी सुरू होते. छातीवर दाब देण्यास कोणीच पुढे आले नाही, तर माणूस वाचण्याची शक्यता दर मिनिटाला सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटत जाते. दहा मिनिटे अशीच गेली तर हाती फारसे काही उरत नाही.

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ साली सुरू झाली. ही फार मोठी सोय आहे, परंतु गाडीला रस्ता लागतो. ईदच्या किंवा दिवाळीच्या आठवड्यात नगरच्या कापड बाजारात हातगाडी सरकत नाही, तेथे रुग्णवाहिका किती वेळात येईल याचा अंदाज प्रत्येकाने करावा. शिवाय आपला जिल्हा १७,०४८ चौरस किलोमीटरचा, क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा. अकोले, पाथर्डी किंवा जामखेड तालुक्यातील आडगावच्या शिंप्याला आणि वेल्डिंगवाल्याला मोठा दवाखाना किती दूर आहे, हे त्यालाच विचारावे. तेव्हा पहिली काही मिनिटे जो शेजारी उभा आहे त्याच्याच हातात असतात. तो हात शिकलेला आहे की नाही, एवढाच प्रश्न उरतो.

हृदयविकाराचा झटका आणि हृदय बंद पडणे

या दोन गोष्टींत आपली माणसे नेहमी गल्लत करतात. झटका आलेला माणूस शुद्धीवर असतो, श्वास घेतो, छातीत दाब किंवा कळ सांगतो, त्याला घाम सुटतो, कळ हातात किंवा जबड्यात जाते. त्याला पाठीला टेका देऊन बसवावे, जिना उतरावयास लावू नये, स्कूटरवर मधे बसवून नेऊ नये आणि ताबडतोब १०८ ला फोन करावा. त्याच्या छातीवर दाब द्यावयाचा नसतो.

हृदय बंद पडलेला माणूस हाकेला उत्तर देत नाही आणि नीट श्वास घेत नाही. सीपीआर त्याच्यासाठी आहे. येथे एक फसवणूक होते. असा माणूस सुरुवातीला पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखा मधूनमधून तोंड उघडतो, घशातून आवाज येतो. बघणाऱ्यांना वाटते, श्वास चालू आहे. तो श्वास नव्हे. अशा वेळी थांबू नये.

कामाचा क्रम

१) प्रथम जागा पाहावी. विजेची तार, चालू यंत्र, पडता माल असेल तर आधी तो धोका दूर करावा. मदत करणारा स्वतःच पडला तर एकाचे दोन रुग्ण होतात.

२) खांद्यावर थोपटून मोठ्याने हाक मारावी. उत्तर नाही, श्वास नाही किंवा वर सांगितल्यासारखी उचकी, असे दिसताच एका माणसाला बोट दाखवून सांगावे, "तू १०८ लाव." नुसते "कोणीतरी फोन करा" असे ओरडल्यास गर्दीत कोणीच करीत नाही. फोनवर दुकानाचे नाव, गल्ली आणि जवळची खूण सांगावी. दुसऱ्या माणसाला गल्लीच्या तोंडाशी उभे करावे, म्हणजे गाडी शोधत फिरणार नाही.

३) माणसाला कठीण जमिनीवर उताणे निजवावे. कापड दुकानदारांनी हे विशेष लक्षात ठेवावे, कारण आपल्याकडे पांढऱ्या चादरीची जाड गादी असते. गादीवर दाब दिला तर गादी दबते, छाती दबत नाही. म्हणून त्याला ओढून फरशीवर घ्यावे.

४) छातीच्या मधोमध, उरोस्थीच्या खालच्या अर्ध्या भागावर एका तळहाताची टाच ठेवावी, त्यावर दुसरा हात. कोपर सरळ, खांदे हातांच्या बरोबर वर. जोर दंडाचा नको, शरीराच्या वजनाचा हवा. दाब ५ ते ६ सेंटिमीटर खोल जावा. जुन्या व्यापाऱ्यांना गिरह ठाऊक आहे. वाराचा सोळावा हिस्सा, म्हणजे सव्वादोन इंच. हा दाब तितकाच, एक गिरह. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी.

५) गती मिनिटाला १०० ते १२०. म्हणजे तीस दाब पंधरा ते अठरा सेकंदांत. मोठ्याने मोजावे. दोन मिनिटांत चांगला धट्टाकट्टा माणूसही दमतो आणि दाब उथळ होतो, म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलावा, मधे खंड पडू देऊ नये.

६) ज्याने श्वास देण्याची तालीम घेतली आहे त्याने तीस दाबांनंतर दोन श्वास द्यावेत. ज्याने घेतलेली नाही किंवा ज्याला संकोच वाटतो, त्याने नुसते दाब देत राहावे. भारतातील भूलतज्ज्ञांनी सामान्य माणसासाठी हीच, केवळ दाबाची, सोपी पद्धत पुरस्कारली आहे. बुडालेला माणूस आणि लहान मूल यांच्या बाबतीत मात्र श्वासाला महत्त्व अधिक असते.

७) रुग्णवाहिकेची माणसे ताबा घेईपर्यंत किंवा रुग्ण हालचाल करून नीट श्वास घेऊ लागेपर्यंत थांबू नये. एखादी बरगडी मोडेल ही भीती असते. बरगडी सांधते. बंद पडलेले हृदय तसेच सोडले तर परत चालू होत नाही.

हे शोधले कोणी?

ही विद्या केवळ डॉक्टरांची, आपला काय संबंध, असे अनेक जण म्हणतात. त्यांच्यासाठी थोडा इतिहास. छाती न उघडता बाहेरून दाब देण्याची पद्धत १९६० साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथील तिघांनी प्रसिद्ध केली. त्यांपैकी विल्यम कौवेनहोवेन हे विजेचे इंजिनिअर होते. प्रशिक्षणात ज्या बाहुल्यावर सराव करवितात तो बाहुला त्याच वर्षी नॉर्वेच्या ऑस्मुंड लेअर्डाल यांनी बाजारात आणला. हे गृहस्थ खेळण्यांचे कारखानदार होते. मऊ प्लॅस्टिकच्या बाहुल्या बनविण्यात त्यांचा हातखंडा होता. डॉक्टरांना सरावासाठी माणसाच्या आकाराचा बाहुला हवा होता आणि तो घडविण्याचे हुन्नर या कारखानदाराकडे होते. त्याच बाहुल्याच्या वंशातील बाहुल्यांवर आज जगभर लोक शिकतात.

दुसरे उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने जामखेड येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यांनी खेड्यातील स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यांतील कित्येक जणी निरक्षर होत्या. त्या बाळंतपण पाहू लागल्या, हगवण झालेल्या मुलांना मीठ-साखरेचे पाणी देऊन वाचवू लागल्या. १९७९ साली आरोळे दांपत्याला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अक्षर न वाचता येणाऱ्या बाईने जे काम जामखेडच्या खेड्यांत केले, ते आपला कटिंग मास्टर, गॅरेजचा पोरगा किंवा बेकरीचा कारागीर करू शकणार नाही, असे म्हणावयास जागा नाही. उलट ज्याचा हात रोज हत्यारावर असतो तो हे काम लवकर उचलतो. आमच्या वर्गात दाबाची खोली आणि गती सर्वांत आधी जमली ती इस्त्रीवाल्याला. दिवसभर वजनदार इस्त्री ओढणाऱ्याला शरीराचे वजन हातात कसे उतरवावे हे शिकवावे लागत नाही.

आपल्या धंद्यातील नेहमीचे अपघात

रक्तस्राव : कात्री, पातेले, सुरा, करवत यांची जखम. स्वच्छ सुती कापडाची घडी जखमेवर ठेवून तळहाताने घट्ट दाबून धरावी. कापड भिजले तर ते न काढता वर दुसरे ठेवावे. सारखे उचलून पाहू नये. जखमेत रुतलेली वस्तू उपसू नये. हळद, चुना, बिडीची राख भरू नये. बोट तुटले तर ते स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावे, ती पिशवी बर्फावर ठेवावी आणि रुग्णाबरोबर पाठवावी. बर्फ बोटाला थेट लागू देऊ नये.

भाजणे : इस्त्री, भट्टी, उकळता रंग, वेल्डिंग. भाजलेला भाग नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. घड्याळ लावून वीस मिनिटे, कारण इतका वेळ धीर राहत नाही. अंगठी, बांगडी, घड्याळ सूज येण्यापूर्वी काढावे. टूथपेस्ट, शाई, तूप, बर्फ यांपैकी काहीही लावू नये. पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटते हे कापडवाल्यांना सांगावयास नको. असे चिकटलेले कापड ओढून काढू नये, ते डॉक्टरांनी काढावयाचे.

विजेचा धक्का : चिकटलेल्या माणसाला हात लावण्यापूर्वी मेन स्विच बंद करावा. मेन स्विच कोठे आहे हे फक्त मालकाला ठाऊक असणे ही धोक्याची गोष्ट आहे, प्रत्येक कामगाराला ते दाखवून ठेवावे. स्विच हाती लागत नसेल तर घरगुती दाबाच्या विजेपुरते, स्वतः कोरड्या जागी उभे राहून, कोरड्या लाकडाने तार दूर करावी. उच्च दाबाच्या तारेजवळ मुळीच जाऊ नये.

घास अडकणे : माणूस खोकत असेल तर खोकू द्यावे. आवाजच बंद झाला तर पुढे वाकवून दोन खवाट्यांच्या मधे पाच थापा, त्यानंतर मागून मिठी घालून बेंबीच्या वर आत आणि वर असे पाच झटके. घास निघेपर्यंत आलटून पालटून हेच करावे. बेशुद्ध झाला तर सीपीआर सुरू करावे.

फिट येणे : चप्पल किंवा कांदा हुंगवू नये, दातांत चमचा घालू नये, हातपाय आवळून धरू नये. डोक्याखाली मऊ कापड द्यावे, आजूबाजूचे सामान हलवावे, झटके थांबल्यावर कुशीवर वळवावे. झटके पाच मिनिटांहून अधिक चालले तर १०८.

साखर उतरणे : मधुमेही माणसाला घाम, थरथर, बोलण्यात गोंधळ दिसला आणि तो शुद्धीवर असेल तर साखरेचे पाणी द्यावे. रमजानच्या दुपारी हा प्रसंग हमखास येतो. जीव धोक्यात असता रोजा सोडण्याची सवलत आहे, तेथे भिडेने वेळ घालवू नये. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र पाण्याचा थेंबही घालू नये, तो श्वासनलिकेत जातो.

सर्पदंश : गोदामात, उसाच्या पट्ट्यातील कारखान्यात हा प्रश्न असतोच. चीर देऊ नये, चोखू नये, दोरी आवळू नये. अवयव स्थिर ठेवून माणसाला न चालविता प्रतिविष असलेल्या सरकारी रुग्णालयात न्यावे.

पेटीत काय ठेवावे?

निर्जंतुक गॉज, रोलर पट्ट्या, चिकटपट्टी, कापूस, जंतुनाशक द्रावण, हातमोजे, बोथट टोकाची कात्री, चिमटा, साखर, मीठ-साखरेच्या पाण्याची पाकिटे, विजेरी, आणि १०८ व जवळच्या दवाखान्याचे क्रमांक मोठ्या अक्षरांत. त्रिकोणी पट्टी बाहेरून आणण्याची गरज नाही. एक मीटर लांब व एक मीटर रुंद धुतलेला मांजरपाट कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत कापला की दोन पट्ट्या होतात. हात झोळीत घेण्यास, घोटा बांधण्यास, डोक्याची जखम झाकण्यास ती एकच पट्टी पुरते. पेटीला कुलूप लावू नये. वापरलेली वस्तू त्याच दिवशी भरावी आणि दर तीन महिन्यांनी मुदत तपासावी.

प्रशिक्षण निवडताना

वर्ग कोणाचाही असो, सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचा, रेड क्रॉसचा किंवा एखाद्या रुग्णालयाचा, पैसे भरण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात. प्रत्येकाला बाहुल्यावर स्वतः सराव मिळेल काय? किती माणसांमागे एक बाहुला आहे? कामगारांना कळेल अशा भाषेत, मराठीत किंवा उर्दू-हिंदीत, शिकवितात काय? प्रमाणपत्र किती वर्षे चालते? नुसता पडदा लावून चित्रे दाखविणारा वर्ग घेऊ नये. प्रमाणपत्राची मुदत बहुधा दोन-तीन वर्षे असते, पण हात त्याहून लवकर गंजतो. म्हणून दर तीन-चार महिन्यांनी दुकान बंद झाल्यावर अर्धा तास उजळणी करावी.

कोणाला पाठवावे, हा खरा प्रश्न आहे. पुष्कळ ठिकाणी शेठ स्वतः जातात, प्रमाणपत्र गल्ल्याच्या मागे टांगतात आणि मग वसुलीसाठी दिवसभर बाहेर असतात. जो सकाळी शटर उघडतो आणि रात्री लावतो, त्याला पाठवावे. एकाला नव्हे, निदान दोघांना, कारण एक जण जेवावयास किंवा शुक्रवारी नमाजला गेलेला असतो. जेथे स्त्रिया काम करतात तेथे एक तरी स्त्री शिकलेली असावी. परंतु जीव जात असता स्त्री-पुरुष हा विचार करीत कोणी थांबू नये. आणि त्या दिवसाची मजुरी कापू नये. रोजावर काम करणाऱ्याचा रोज बुडाला तर तो पुढच्या वेळी येणार नाही, आणि दोष त्याचा नसेल.

काही मित्रांनी आम्हांस विचारले, खर्च आपण करावयाचा आणि शिकलेला कारागीर दोन महिन्यांत दुसऱ्या दुकानात गेला तर? जावो. तो त्याच बाजारात राहणार आहे. आपल्या दुकानासमोर आपणच कोसळलो तर तोच धावत येणार आहे. याच कारणाने हे काम एकट्याने न करता गल्लीने मिळून करावे. एका गल्लीत आठ-दहा शिकलेली माणसे, त्यांची नावे लिहिलेला एक फलक, दोन ठिकाणी पेट्या. ऐपत असल्यास बाजार संघटनेने मिळून एईडी हे यंत्र घ्यावे. ते हृदयाची गती स्वतः तपासते, गरज असेल तरच विजेचा झटका देते आणि काय करावयाचे ते बोलून सांगते. एका दुकानाला ते परवडणार नाही, शंभर दुकानांना जड नाही.

कायदा काय म्हणतो?

१९४८ च्या कारखाना कायद्याने दर १५० कामगारांमागे निदान एक प्रथमोपचार पेटी, ती प्रमाणपत्रधारक माणसाच्या ताब्यात, आणि ५०० हून अधिक कामगार असल्यास रुग्णोपचार कक्ष असे बंधन घातले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा व आरोग्यविषयक २०२० च्या संहितेने घेतली असून प्रथमोपचार पेटीची जबाबदारी तिच्यातही आहे. चार-पाच माणसांच्या शिवण कारखान्यात कारखाना निरीक्षक कधी येत नसे आणि येणारही नाही. तेथे मालकाची सद्‌बुद्धी हीच निरीक्षक.

रस्त्यावरच्या अपघाताला हात लावला तर पोलिसांचा ससेमिरा लागतो, ही जुनी भीती आता धरू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मदत करणाऱ्याला संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. सद्भावनेने मदत करणाऱ्याला आपले नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही.

या आठवड्याचा अभ्यास

प्रत्येक वाचकाने दुकानात उभे राहून पुढील पाच प्रश्नांची उत्तरे द्यावीत. मेन स्विच कोठे आहे हे सर्वांत नव्या पोराला माहीत आहे काय? पेटी आहे काय, असल्यास तिला कुलूप आहे काय? वीस मिनिटे वाहते पाणी मिळेल असा नळ कोठे आहे? रुग्णवाहिका गल्लीत कोठपर्यंत येऊ शकते? आणि आज दुपारी तीन वाजता आपण गादीवर कोसळलो, तर त्या क्षणी दुकानात असलेल्यांपैकी कोणाला काय करावयाचे हे ठाऊक आहे? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून ज्याचे नाव तोंडात येत नसेल, त्याने आपल्या दोन माणसांची नावे आजच एखाद्या वर्गात नोंदवावीत.